९१ ठिपके, एक संगणक आणि आईचा हात

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला तेव्हाच त्यांनी बजावले, "डॉक्टर, यंदा मधुमेह आणि कोलेस्टेरॉल नको बरं का! लोक स्मरणिका महाप्रसादाच्या रांगेत उभे राहून वाचतात." तेव्हा यंदा रांगोळीविषयी लिहितो. मात्र ही रांगोळी संगणकावरची आहे, आणि या विषयातली माझी गुरू म्हणजे माझी मुलगी आहे. लेखात थोडा इतिहास आहे, एक छोटा धडा आहे आणि थोडी घरची गोष्ट आहे.

मी मिरजेहून एम.बी.बी.एस. करून १९९६ साली इकडे आलो. आमच्या पिढीच्या बहुतेकांसाठी संगणक म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तयार केलेला प्रोग्रॅम. तो उघडायचा, तो सांगेल तिथे टिचकी मारायची आणि अडले तर मुलांना हाक मारायची. त्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलीने संगणकशास्त्राच्या जोडीला 'क्रिएटिव्ह कोडिंग' असा विषय घेतला, तेव्हा मी चारचौघा बापांसारखाच प्रश्न विचारला, "याने नोकरी कोणती मिळते?" ती काही बोलली नाही. पुढे उत्तर मिळाले ते आईच्या निमित्ताने.

आईची रांगोळी

वडील गेल्यानंतर, २०१५ पासून आई आमच्याकडे आहे. सांगलीला तिची सकाळ उंबरठ्यापुढच्या रांगोळीने सुरू व्हायची. इथे बर्फामुळे अंगण नाही, म्हणून देवघरासमोर एक काळी फळी ठेवली. सणावाराला तिची ठरलेली रांगोळी म्हणजे '११ ते ६'. ज्यांनी रांगोळीची पुस्तके चाळली आहेत त्यांना ही भाषा ठाऊक आहे. मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली १०, ९, ८ असे कमी करत दोन्हीकडे ६ पर्यंत जायचे. एकूण ठिपके ९१.

२०१८ च्या दिवाळीत ती फळीभर पसरणारी रांगोळी जेवणाच्या ताटाएवढी झाली. मी पाहिले, फोटोही काढला. वयामुळे वाकवत नसेल, असे मनाशी म्हटले आणि कामाला गेलो. पुढच्या वर्षी मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरू लागला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पार्किन्सन्स आजारात हालचाल मंद आणि लहान होत जाते. अक्षर बारीक होणे हे त्याचे ओळखीचे लक्षण, जे मी स्वतः परीक्षेत लिहिलेले आहे. आईचे पत्रलेखन थांबले होते, म्हणून तिचे अक्षर माझ्या डोळ्यांसमोर नव्हते. रांगोळी मात्र रोज समोर होती आणि ती मला वाचता आली नाही.

औषधे सुरू झाली, बराच आराम पडला. पण चिमटीचे काम जमेना. "रांगोळी बोटांतून सुटतच नाही रे," असे ती एकदा म्हणाली, आणि फळी कपाटामागे गेली.

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेजे बंद झाली आणि मुलगी घरी आली. फळी कुठे आहे, असे तिने आल्याआल्या विचारले.

हा प्रकार आहे तरी काय?

संगणकाला हिशेबाऐवजी चित्र काढायला सांगायचे, ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात १९६५ साली गेओर्ग नेस यांनी प्रोग्रॅमने काढलेल्या रेखाचित्रांचे प्रदर्शन भरवले. चौकोनांच्या ओळी वरून शिस्तीत सुरू होतात आणि खाली येता येता विस्कटत जातात, असे त्यांचे एक चित्र पुढे फार प्रसिद्ध झाले. पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार यांनी १९६८ पासून संगणकावर चित्रे काढली. आधी त्या स्वतःला नियम घालून, जणू यंत्रच असल्यासारखे, हाताने चित्र काढत असत. २०२३ साली वयाच्या ९९ व्या वर्षी त्या गेल्या, तोवर काम चालूच होते.

पण त्या काळी असे काम करायला संस्थेतला मोठा संगणक लागे. सामान्य विद्यार्थ्यासाठी दार उघडले ते २००१ साली. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये जॉन माएडा यांच्याकडे शिकणाऱ्या केसी रीझ आणि बेन फ्राय या दोघांनी 'प्रोसेसिंग' नावाचे साधन तयार केले. चित्रकारांनी ओळीत प्रोग्रॅम लिहावा आणि लगेच पडद्यावर चित्र पाहावे, हा त्याचा हेतू. पुढे २०१३ साली लॉरेन ली मॅकार्थी यांनी त्याच धर्तीवर 'पी-फाइव्ह जे.एस.' सुरू केले, जे इंटरनेट ब्राउझरमध्येच चालते. दोन्ही विनामूल्य आहेत.

आपल्या ठिपक्यांशीही या शास्त्राचे जुने नाते आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट आणि राणी सिरोमनी या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह १९७० च्या दशकात तमिळ कोलमचे 'व्याकरण' मांडले. थोड्या नियमांतून कोलमच्या आकृत्या कशा उपजतात, हे त्यांनी संगणकशास्त्राच्या भाषेत दाखवले. थोडक्यात, '११ ते ६' म्हणणारी आपली आजी आधीपासून प्रोग्रॅमच सांगत होती.

धडा पहिला : ठिपके

पी-फाइव्हच्या प्रोग्रॅमचे दोन भाग असतात. 'सेटअप' एकदाच चालतो. कागद किती मोठा, रंग कोणता, ही पूर्वतयारी तिथे करायची. 'ड्रॉ' हा भाग साधारणपणे सेकंदाला ६० वेळा चालतो. म्हणून चित्र हलू शकते आणि आपल्या बोटाला उत्तर देऊ शकते.

आता '११ ते ६' मांडू. ६०० बाय ६०० बिंदूंचा काळा कागद घ्या. त्याचा मध्य उभ्या आणि आडव्या मापात ३०० वर आला. एक लक्षात ठेवा, इथे मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि उभे माप खाली जाताना वाढते. शाळेतल्या आलेखाच्या हे उलट आहे. मी पहिले दोन दिवस यावरच अडखळलो.

मधल्या ओळीला ० क्रमांक द्या. वरच्या ओळी उणे १ ते उणे ५, खालच्या १ ते ५. कोणत्याही ओळीतले ठिपके किती? ११ मधून ओळीचा क्रमांक वजा करायचा, उणे चिन्ह सोडून. म्हणजे तिसऱ्या ओळीत ८ आणि पाचव्या ओळीत ६. दोन ठिपक्यांत अंतर ४० धरू. ओळीचा पहिला ठिपका कुठे? ठिपक्यांच्या संख्येतून १ वजा करा, २० ने गुणा आणि ते ३०० मधून काढा. मधल्या ओळीला उत्तर १०० येते, शेजारच्या ओळीला १२०. पाहा, ओळ आपोआप अर्ध्या अंतराने सरकली! ठिपक्यांचा कागद वापरताना आई हेच करायची. दोन ओळींमधले अंतर ३५ ठेवले की शेजारचे ठिपके सर्व बाजूंनी जवळजवळ सारख्या अंतरावर येतात.

हे सगळे संगणकाला ९१ वेळा सांगावे लागत नाही. एका फेऱ्यात दुसरा फेरा, म्हणजे 'लूप', बसवला की सात-आठ ओळींत काम होते. मग ११ च्या जागी १५ लिहून पाहा, अंतर बदला, ठिपक्यांना रंग द्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून हे एका संध्याकाळी होते. गुणाकार कशासाठी शिकायचा, हा प्रश्न मग तो विचारत नाही.

धडा दुसरा : हात

ठिपके मुलीने पहिल्याच दिवशी मांडले. खरी परीक्षा रेघेची होती. यंत्र आणि माणूस जिथे भेटतात त्या जागेला 'इंटरफेस' म्हणतात, आणि तिथेच आमचे तीन प्रयत्न फसले.

पहिल्या वेळी आईच्या हाती माउस दिला. बटण दाबून धरायचे आणि त्याच वेळी हात सरकवायचा, ही दोन कामे एकदम जमेनात. माउस बाजूला ठेवला.

दुसऱ्या वेळी टॅब्लेट मांडीवर ठेवला आणि चित्र टी.व्ही.वर मोठे दाखवले. आईला ते आवडले, पण तळहात टेकला की रेघ भलतीकडे उडी मारायची. मुलीने नियम घातला की आधी टेकलेले बोट तेवढे खरे, बाकीचे स्पर्श सोडून द्यायचे. शिवाय बोट १ इंच सरकले तर रेघ २ इंच सरकेल असे केले. कोपऱ्यातले 'पुसा' हे बटण चुकून दाबले जायचे, तेही काढून टाकले. ठिपके ठळक केले आणि रेघ जवळ आली की ठिपका थोडा उजळेल असे केले. पार्किन्सन्सच्या रुग्णाला जमिनीवर आखलेल्या रेघा दिसल्या की पाऊल टाकणे सोपे जाते, हे मी तिला सांगितले होते. डोळ्याला खूण मिळाली की हालचालीला वाट मिळते. माझ्या वैद्यकीचा या प्रकल्पाला एवढाच उपयोग झाला!

तिसरी चूक मात्र हुशारीतून झाली. हा कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होतो. तो झाकायला मुलीने युक्ती केली. रेघेचे टोक बोटापाशी एकदम पोचू द्यायचे नाही, 'ड्रॉ'च्या प्रत्येक फेऱ्यात उरलेल्या अंतराच्या १० टक्केच पुढे जाऊ द्यायचे. कंप जवळजवळ नाहीसा झाला. छापल्यासारखी गुळगुळीत कमळे आली. आम्ही दोघे खूश झालो. आईने पाहिले आणि टॅब्लेट बाजूला सारला.

"छान आहे गं, पण ही माझी नाही. माझा हात कुठे आहे यात?"

मी समजावू लागलो, "अगं आई, कंप दिसू नये म्हणून..." तर म्हणाली, "तुला दिसू नये म्हणून का?"

मला उत्तर सुचले नाही. मुलीने मुकाट्याने १० टक्क्यांचे ३० टक्के केले. आता रेघेत थरथर राहिली, पण रेघ ठिपका चुकत नव्हती. आईने अर्धा तास लावून एक कमळ काढले. मग म्हणाली, "हं. उद्या गोपद्म काढू." आणि नातीला विचारले, "हे तुझं शिक्षण किती वर्षांचं आहे?"

डोळ्यांनी काढलेली अक्षरे

हे केवळ आमच्या घरापुरते नाही. लॉस एंजेलिसमध्ये टोनी क्वान हा भिंतींवर अक्षरचित्रे काढणारा नामवंत कलाकार आहे. त्याला ए.एल.एस. हा आजार झाला. यात शरीराचे स्नायू एकेक करून निकामी होतात, पण डोळे फिरवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतात. २००९ साली झॅक लीबरमन आणि इतर कलाकार-प्रोग्रॅमर त्याच्यासाठी एकत्र आले. स्वस्त गॉगलची चौकट, खेळाच्या यंत्राचा छोटा कॅमेरा, इन्फ्रारेड दिवे आणि 'ओपनफ्रेमवर्क्स' हे सर्जनशील कामासाठीच बनवलेले साधन यांतून त्यांनी 'आयरायटर' तयार केला. सामान सुमारे ५० डॉलरचे होते. कॅमेरा बुबुळाची जागा टिपतो आणि नजर जाईल तशी रेघ उमटते. टोनीने अंथरुणावरून काढलेली अक्षरे प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर झळकली. त्या मंडळींनी सगळी कृती आणि प्रोग्रॅम जगासाठी खुला ठेवला.

त्यांनी आधी त्या एका माणसाला काय करता येते ते पाहिले, आणि मग यंत्र त्याच्या मापाचे बेतले. आम्ही डॉक्टर पुष्कळदा रुग्णाला काय येत नाही याचीच यादी करतो.

वाचकांना विनंती

एक खुलासा करतो. हा आजारावरचा उपचार नाही. आईचा आजार त्याच्या गतीने पुढे जातो आहे, औषधे आणि व्यायाम चालूच आहेत. घरातल्या कोणाचे अक्षर बारीक होत असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर माझ्यासारखे फोटो काढून कामाला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

पण ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत आणि संगणकात डोके घातलेली मुलेही आहेत, त्यांनी या दोघांना एका टेबलाशी जरूर बसवावे. मुलांना सांगा, आजीला जमेल असे एक चित्रयंत्र बनव. आजोबांना तबला वाजवता येत नसेल तर टिचकीवर बोल वाजतील असे काही कर. पी-फाइव्हची माहिती हिंदीतही उपलब्ध आहे, त्यामुळे मोठ्यांनाही डोकावता येईल. दोन गोष्टी मात्र आमच्या चुकांवरून शिका. मदत किती हवी, हे ज्याचा हात आहे त्यालाच विचारा. आणि पहिला प्रयत्न फसणार, हे धरून चाला.

आई आता ८४ वर्षांची आहे. यंदा गणपतीच्या पाच दिवसांत मंदिराच्या सभागृहात, रांगोळी स्पर्धेच्या शेजारी, एक टॅब्लेट आणि प्रोजेक्टर मांडणार आहोत. जमिनीवर ९१ ठिपके दिसतील. रेघ थोडी थरथरलेली दिसली तर ती यंत्राची चूक समजू नका. शेजारच्या खुर्चीवर आई बसलेली असेल, तिला नमस्कार करा आणि पुढची रेघ तुम्ही काढा.

गणपती बाप्पा मोरया!