चाकांच्या फळीची उडी

स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. तिच्यावर उभी राहून मुले वेगाने जातात, वाटेत उंचवटा आला की फळीसकट हवेत उडतात आणि पुन्हा फळीवरच उतरतात. नीट पाहा, फळी पायांना कोठेही बांधलेली नसते. पट्टा नाही, दोरी नाही, हाताचा आधार नाही. मग ती पायांबरोबर वर येते कशी? आणि लहानशा चढावरून तीच उडी एवढी उंच का जाते?

या उडीला ‘ऑली’ म्हणतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या ॲलन गेल्फंड या मुलाने ती १९७८ च्या सुमारास सिमेंटच्या खोलगट उतारांवर बसवली. ‘ऑली’ हे त्याचेच टोपणनाव. पुढे १९८० नंतर थोड्याच वर्षांत रॉडनी मुलन याने ती सपाट जमिनीवर करून दाखवली. २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच खेळला गेला.

जमीन वर ढकलते

फळीची दोन्ही टोके किंचित वर वळलेली असतात. मागच्या टोकाला आपण शेपूट म्हणू. खेळाडू गुडघे वाकवतो आणि वर झेप घेता घेता मागच्या पायाने शेपटीला जोराचा झटका देतो. मागच्या चाकांचा आस हा टेकू आणि फळी ही तरफ. शेपूट खाली जाते, पुढचे टोक वर येते. शेपूट जमिनीवर ‘टक्’ करून आपटते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन तिला तितक्याच बलाने वर ढकलते. फळी उडते ती या धक्क्याने.

आता फळी तिरपी उभी आहे. तिच्या पृष्ठावर पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो. पुढचा पाय बुटाच्या कडेने त्यावर घासत वर सरकतो आणि घर्षणाने फळीला वर ओढतो. मग तोच पाय पुढच्या टोकाला पुढे व खाली रेटतो, त्यामुळे फळी आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते आणि मागचे टोक वर येते. मागचा पाय त्याच वेळी वर उचललेला असला, की फळी हवेत आडवी होते.

करून पाहा : टेबलावर शिसपेन्सिल आडवी ठेवा. तिच्यावर लाकडी फूटपट्टी अशी ठेवा, की पट्टीचा ५ सेंटिमीटर भाग एका बाजूला राहील. त्या आखूड टोकावर बोटाने झटकन टिचकी मारा. टोक टेबलावर आपटून पट्टी उडी घेईल. आता टोकाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून पुन्हा टिचकी मारा. उडी मंदावेल, कारण मऊ टॉवेल तसा धक्का परत देत नाही. म्हणूनच ऑली सिमेंटवर साधते, वाळूत साधत नाही.

बेरीज कशाची करायची?

समजा, खेळाडूचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे आणि रॅम्पचा चढ १५ अंशांचा आहे. काठावरून सुटताना वेगाचा ऊर्ध्व घटक ४ × ०.२६, म्हणजे सेकंदाला १.०४ मीटर होतो. उंची = वेगाचा वर्ग ÷ २ग, आणि २ग म्हणजे १९.६. म्हणून काहीही न करता तो काठापासून सुमारे ५.५ सेंटिमीटर वर जाईल.

सपाट जमिनीवर हाच खेळाडू सेकंदाला २ मीटर वेगाने वर झेपावतो असे धरू. मग उंची ४ ÷ १९.६, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर.

रॅम्पच्या काठावर दोन्ही एकत्र केले तर? तुम्ही म्हणाल, साडेपंचवीस. पण येथे बेरीज उंचीची नसते, वेगांची असते. झेप फळीशी काटकोनात घेतली तर तिचा ऊर्ध्व घटक १.९३ होतो. एकूण ऊर्ध्व वेग २.९७. त्याचा वर्ग ८.८२, आणि उंची सुमारे ४५ सेंटिमीटर!

जवळजवळ २० सेंटिमीटर जादा आले कोठून? ऊर्जा तर शून्यातून निर्माण होत नाही. फळीशी काटकोनातली झेप किंचित मागे झुकलेली असते. त्यामुळे क्षितिजसमांतर वेग ३.८६ वरून ३.३४ वर उतरतो. पुढे जाण्याच्या गतिज ऊर्जेतून जेवढे कमी झाले, तेवढेच उंचीच्या रूपाने वर मिळाले. वहीत हिशेब मांडून पडताळा घ्या.

शिकणाऱ्याने ध्यानात ठेवायचे ते हेच. चढावर अंग जमिनीशी नव्हे, तर फळीशी काटकोनात हवे. चढावर सरळ खाली जोर दिला तर त्या जोराचा एक घटक उताराच्या दिशेने जातो, फळी मागे राहते आणि खेळाडू पुढे पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पुढची चाके काठाशी आली की शेपूट मारावी. या वेगाने १० सेंटिमीटर अंतर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात सरते. काठ मागे पडल्यावर शेपूट दाबली, तर खाली धक्का द्यायला जमीनच नसते. म्हणून आधी सपाट जमिनीवर, मग हळू चालीने लहान उंचवट्यावर, असा क्रम ठेवावा.

उतरताना

काठाच्या पातळीवर परत येताना खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरांत थांबलात तर पायांवर वजनाच्या सुमारे दहापट बल येते. गुडघे वाकवून ३० सेंटिमीटरांत थांबलात तर ते अडीचपटच येते. उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर उतरल्यास धक्का आणखी कमी बसतो, कारण वेगाची दिशा उताराशी जवळपास समांतर असते. तरीही डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना व कोपरांना गाद्या हव्यातच, आणि जागा रहदारीपासून दूर हवी.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी : रॅम्प तोच, झेप तीच, पण वेग सेकंदाला ६ मीटर. खेळाडू काठापासून किती उंच जाईल? (उत्तर : सुमारे ६२ सेंटिमीटर.)