मागाहून मनात काय उरते?



बारावीनंतर काय करावे, हे विचारायला मुले येतात. निवृत्त झालेलेही येतात, प्रश्न तोच. आम्ही त्यांना संत इग्नेशियस यांची गोष्ट सांगतो. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी शौर्यकथा मागितल्या; घरात होती फक्त ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे (बरेच झाले!). दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद टिकून राही. हा फरक आम्हांला सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून उमगला नव्हता.

या आठवड्यात रात्री रोझरी झाल्यावर पाच मिनिटे आठवून पाहा: आज कोणते काम संपल्यावरही मन प्रसन्न राहिले? वहीत टिपून ठेवा.