दुबईला खरेदीस जाताना : आधी खोलीचा हिशेब

यवतमाळ, पुसद, दारव्हा भागातील व्यापारी बंधूंनो, मालाचा भाव आम्ही मीटरमागे पैशापैशाने तोडतो. परदेशात राहण्याची खोली मात्र घाईत घेतो. दुबईला जाण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) जागा : मुर्शिद बाजार देरा भागात, तर कापडाचा जुना बाजार बर दुबईत. मधे खाडी आहे. अब्रा नावाची होडी १ दिरहमात पलीकडे नेते. यापैकी कुठेही उतरले तरी दोन्ही बाजार हाताशी राहतात. शारजात भाडे कमी, पण रोजच्या जाण्यायेण्यात ती बचत संपते.

२) परवानगी : एका खोलीत फळ्यांचे आडोसे घालून नुसती खाट भाड्याने देतात. ती सर्वांत स्वस्त. परंतु मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवण्यास तेथील २००७ च्या कायद्याने मनाई आहे. जून २०२५ मध्ये महापालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सातवा आदी भागांत अशा आडोशांविरुद्ध मोहीम काढली. कारण आग लागल्यास बाहेर पडायला वाट उरत नाही. थोड्या दिवसांसाठी घर देणाऱ्याकडे सरकारी परवाना लागतो. तो पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

३) एकूण खर्च : हॉटेलच्या भाड्यावर दर्जानुसार दर खोलीमागे रात्री ७ ते २० दिरहम पर्यटन शुल्क पडते. सर्व धरून रक्कम लेखी घ्यावी. दोघांनी मिळून खोली घेतली तर भार निम्मा होतो.

खाट स्वस्त मिळाली आणि मध्यरात्री सोडावी लागली, तर परक्या शहरात माल व पासपोर्ट घेऊन जायचे कुठे? सौद्याआधी एवढा विचार जरूर करावा.