दुखलं तर सांगायचं : बास्केटबॉल खेळणारी मुलं, त्यांचे पालक आणि कोच यांच्यासाठी

सुट्ट्या लागल्या की वस्तीतली मुलं-मुली शाळेच्या नाहीतर महापालिकेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायला जातात. त्याच दिवसांत आमच्याकडे तीन दुखणी हमखास येतात : मुरगळलेला घोटा, चेंडू लागून सुजलेलं बोट आणि गुडघ्याच्या वाटीखालची दुखरी जागा. वेळेवर सांगितलं तर यातली बहुतेक दुखणी विश्रांतीने बरी होतात. पण मुलं सांगत नाहीत. संघातून नाव कापलं जाईल, कोच रागावतील, घरचे खेळ बंद करतील, अशी त्यांना भीती असते.

त्यात घरच्या आशेचीही भर पडते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ठरावीक स्पर्धांत पदक आलं तर पोराचं आयुष्य मार्गी लागेल, असं आईबापांना वाटतं. ही आशा खोटी नाही. पण तिच्यापायी मूल सुजलेला पाय घेऊन खेळत राहिलं, तर आठवड्याचं दुखणं वर्षभराचं होतं आणि पदकही हातचं जातं.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. दुखलं तर सांगायचं, आणि सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हा मैदानावरचा पहिला नियम असावा. तो तिघांनी पाळायचा आहे.

कोचनी काय करावं

खेळाआधी १० ते १५ मिनिटं अंग मोकळं करून घ्यावं. उडी मारल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवावं. गुडघे आत वळू देऊ नयेत. मुलींच्या गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून त्यांच्याकडून हा सराव न चुकता करून घ्यावा.

मोठ्यांची रिंग १० फुटांवर असते. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती साधारण साडेआठ फुटांवर असावी आणि चेंडू ५ नंबरचा असावा. जड चेंडू उंच फेकायला लावला तर खांदा आणि पाठ दुखावते. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी.

दर २० मिनिटांनी सगळ्यांना पाणी पाजावं. शिक्षा म्हणून पाणी बंद करणं किंवा भर उन्हात फेऱ्या मारायला लावणं जिवावर बेतू शकतं. डोक्याला मार लागला आणि चक्कर, उलटी, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं दिसलं, तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावं.

मारहाण, शिवीगाळ, जातीवरून किंवा शरीरावरून बोलणं चालणार नाही. शिकवताना हात लावायचा असेल तर आधी सांगून, सगळ्यांसमोर. मुलाला किंवा मुलीला एकटं बोलावू नये. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

पालकांनी काय करावं

मूल घरी आलं की "किती बास्केट टाकले?" हे आधी विचारू नका. "मजा आली का? कुठं दुखतंय का?" असं विचारा. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडू नका. खेळ कसा खेळायचा ते कोच सांगतील.

घोटा मुरगळला तर खेळ थांबवा, फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं धरा आणि पाय उशीवर उंच ठेवा. तेल लावून चोळू नका, ओढून "बसवायला" कोणाकडे नेऊ नका. बोट सुजलं तरी तेच, ओढायचं नाही. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढा. वाढत्या वयात हाडाच्या टोकाचा भाग नाजूक असतो. मोठ्यांना जिथे मुरगळ होते तिथे मुलांचं हाड मोडलेलं असू शकतं.

महागडे बूट लागत नाहीत, पण बूट मापाचे हवेत आणि नाडी बांधलेली हवी. खेळायला जाण्याआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर जेवणात डाळ, उसळ किंवा अंडं द्या. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते.

मुलगी लवकर थकत असेल, धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. हिमोग्लोबिन तपासा. १२ वर्षांपुढच्या मुलीचं ते १२ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायला सांगा. पाळीत तिला बरं वाटत असेल तर खेळू द्या.

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. मुलाला सिकलसेलचा आजार असेल तर खेळण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. मूल फक्त वाहक असेल तर ते खेळू शकतं, पण भरपूर पाणी आणि मधे मधे विश्रांती हवीच. दोन्ही गोष्टी कोचला आधी सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खेळाडूंनी काय करावं

मुलांनो, नखं कापा, अंगठी आणि कडं काढून ठेवा. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. उडी मारलेल्याच्या खाली पाय घालू नका. घोटे अनेकदा तिथेच मुरगळतात. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला, तेव्हा त्याच्या पहिल्या १३ नियमांतच ढकलायला, धरायला आणि पाय घालून पाडायला बंदी होती. दुसऱ्याचं शरीर जपणं हा या खेळाचा भागच आहे.

आणि दुखलं तर त्याच दिवशी सांगा. मित्र लंगडत असेल आणि बोलत नसेल, तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा. ती चुगली नाही.

शिबिर सुरू होण्याआधी तिघांनी अर्धा तास एकत्र बसावं. कोणाला दमा, सिकलसेल, फिट किंवा हृदयाचा त्रास आहे ते लिहून घ्यावं. बर्फ कुठे मिळेल, जवळचा दवाखाना कोणता, फोन कोणाला करायचा, हे ठरवावं. आणि पहिला नियम सगळ्या मुलांसमोर कोचनी स्वतःच्या तोंडून सांगावा. त्यांनी सांगितला तरच मुलं बोलतील.