सर्पगंधेची कसोटी

पावसाळा लागला की हिंडलग्याच्या परिसरात भातशेतीची कामे सुरू होतात आणि त्यांबरोबर सर्पदंशाचे भयही येते. अशा वेळी जुनी माणसे ज्या मुळ्यांची नावे घेतात, त्यांत सर्पगंधा एक. 'देशी औषध श्रेष्ठ की डॉक्टरी श्रेष्ठ' हा वाद आपल्या घरांतून अजूनही रंगतो. त्या वादात पडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी या एका मुळीचा इतिहास पाहावा.

सर्पगंधा हे दमट रानांत, झाडांच्या सावलीत वाढणारे लहानसे झुडूप. सह्याद्रीतही ते आढळते. पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात, फुले पांढरी व त्यांच्या नळ्या तांबूस. औषधी गुण मुळात. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ छापला गेला. त्यात सर्पविषावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांचे वर्णन असून त्यांतील एक सर्पगंधाच असावी, असे अभ्यासक मानतात. पुढे युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या वंशाला राउवुल्फ या जर्मन वैद्याचे नाव दिले. त्या गृहस्थाने हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता!

बिहारकडे हीच मुळी 'पागल की दवा' म्हणून ठाऊक होती. वेड लागलेल्या माणसास ती देऊन शांत करीत. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाबरोबर रक्तदाबावरही तिचा उपयोग होतो, असे लिहिले. तथापि जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी सर्पगंधा दिली, औषधापूर्वीचा व नंतरचा दाब मोजून टिपून ठेवला आणि १९४९ साली हे निष्कर्ष हृदयरोगावरील एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रेझर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले. कसोटी तेथेच थांबली नाही. काही रुग्णांना या औषधाने खोल खिन्नता येते, हेही पुढे नोंदींतून दिसले. अधिक निर्धोक औषधे आली, आणि रेझर्पिन मागे पडले.

म्हणजे वेडाविषयी वैदूंचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले. सर्पविष उतरविण्याचा गुण मात्र या मुळीत सिद्ध झालेला नाही.

मग मुळी उगाळून वा मंत्र घालून बरी झालेली माणसे गावाने पाहिली, ती कशी? आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. अशी माणसे काहीही न करता वाचली असती. श्रेय मांत्रिकाच्या पदरी पडते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले, त्याचा मोलाचा वेळ तेथे जातो, आणि नाग किंवा मण्यार यांचे विष तर श्वासच थांबविते.

या विषावर उपाय एकच, प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तापासून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक वर्षे केले आहे. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. मोडलेल्या हाताला जशी फळी बांधतात, तसा तो अवयव स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये आणि थेट बेळगावच्या रुग्णालयात न्यावे.

मुळ्यांची परीक्षा सावकाश करता येईल. बेळगावातच २००६ साली स्थापन झालेली, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी 'आधी वैदूकडे' असा हट्ट धरला, तर वैदूबाबांनाही त्याच गाडीत बसवून घ्यावे.