मडक्यातली पिल्ले

रानातला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो बजरीगर मात्र पाळता येतो. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० साली जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडात नेला.

नर-मादी कशी ओळखावी? चोचीवरची कातडी पाहा. नराची निळी, मादीची तपकिरी. पिवळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत मात्र फसायला होते!

खायला राळे, बाजरी आणि थोडी कोथिंबीर द्यावी. पाणी रोज बदलावे. समुद्रफेस टांगावा, त्यातला चुना अंड्याच्या कवचाला लागतो. पिंजरा चुलीच्या धुरापासून लांब ठेवावा.

घरट्यासाठी लहान तोंडाचे मडके आडवे बांधतात. मादी एक दिवसाआड अंडे घालते, अशी ४ ते ६. सुमारे १८ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. पाचएक आठवड्यांनी ते मडके सोडते.

आमच्याकडे माद्या दोन आणि मडके एकच होते. दोघी भांडल्या, सगळी अंडी फुटली. चूक आमचीच. मग आम्ही जोड्या वेगळ्या केल्या, प्रत्येकीला आपले मडके दिले. परवा सकाळी एका मडक्यातून बारीक चिवचिव ऐकू आली.