दूषित भूमी : खर्च आणि धोका यांचा मेळ

दिल्लीच्या पूर्व सीमेवर गाझीपूर येथे 1984 पासून शहराचा कचरा टाकण्यात येऊ लागला. 2002 मध्येच या जागेची क्षमता संपली. तरीही भर पडतच राहिली. 1 सप्टेंबर 2017 रोजी ढिगाऱ्याचा कडा कोसळून लगतच्या रस्त्यावर व कालव्यात आला आणि दोघांचा बळी गेला. अशा भूमीचे काय करावे? सारा कचरा उचलावा, हे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते; परंतु तत्पूर्वी दोन्ही पारड्यांत काय काय पडते, ते पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम धोका म्हणजे काय, ते समजून घेऊ. विषारी द्रव्य, ते पसरण्याचा मार्ग आणि त्या मार्गावर वावरणारा माणूस, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धोका निर्माण होतो. कचऱ्यातून झिरपणारे पाणी भूजलात उतरते, मिथेन वायू पेट घेतो, धूर वस्तीत शिरतो. यांपैकी एखादा मार्ग तोडला तरी त्या वाटेने येणारा धोका टळतो. ढिगाऱ्यावर अभेद्य थर घालणे हा असाच, तुलनेने स्वस्त, उपाय होय. मात्र तळाशी अस्तर नसल्यास झिरपणे सर्वस्वी थांबत नाही, आणि देखभालीचा भार पुढील पिढीवर पडतो.

दुसरा उपाय उकरण्याचा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर 2019 मध्ये गाझीपूर, भालस्वा व ओखला येथील जुना कचरा यंत्रांच्या फिरत्या चाळण्यांतून चाळण्याचे काम सुरू झाले. त्या वेळी या तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे 280 लाख टन कचरा साचला होता. या उपायाने जमीन मोकळी होते. परंतु उकरताना धूळ व वायू बाहेर पडतात, आणि त्यांचा पहिला त्रास मजुरांना व शेजारच्या वस्तीला होतो. शिवाय चाळलेल्या मातीत जड धातू असू शकतात. ती न तपासता सखल जागी भराव म्हणून टाकली, तर धोका नाहीसा न होता केवळ जागा बदलतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शुद्धीकरणाच्या आरंभी थोड्या खर्चात बराच धोका कमी होतो. अखेरचा अंश काढण्यास मात्र अतोनात पैसा लागतो. म्हणून त्या जागी पुढे उद्यान व्हावयाचे, घरे की गोदाम, हे आधी ठरवून त्यानुसार शुद्धतेची मर्यादा आखणे इष्ट ठरते.

मात्र या हिशेबात एक दोष हमखास शिरतो. खर्चाचा आकडा अंदाजपत्रकात लिहिलेला असतो. ढिगाऱ्याच्या छायेत राहणाऱ्याचा खोकला कोणत्याही रकान्यात नसतो. तो रकाना मांडल्यावाचून केलेली तुलना अपुरीच राहील.